डाव्या पायाची सेवानिवृत्ती

दसऱ्याला नवी मोटार घ्यायची, हे आमच्या घरी गणपतीतच एकमताने ठरले. एकमत तेवढेच. ती गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक, या प्रश्नावर घरात सरळ दोन तट पडले. एका तटावर चिरंजीव आणि सूनबाई, दुसऱ्यावर मी एकटा. आमची सौभाग्यवती तटस्थ होती. निदान मला तरी तसे वाटत होते.

"बाबा, हल्ली कोण गिअर बदलत बसतं?" चिरंजीव म्हणाले.

"जो गाडी चालवतो तो," मी म्हणालो. "बाकीचे नुसते बसतात."

हे उत्तर मला इतके आवडले की त्या आठवड्यात मी ते तीन शेजाऱ्यांना ऐकवले.

आता वाचकहो, माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती. (या शब्दाकडे पुढे यायचेच आहे.) इंजिन सतत फिरत असते, चाके मात्र सिग्नलला थांबतात. फिरत्या वस्तूला थांबलेली वस्तू एकदम जोडली की धक्का बसतो आणि इंजिन बंद पडते. पूर्वी लोक सुटलेल्या लोकलमध्ये चढताना दांडी धरून चार पावले बरोबर पळत आणि मग पाय टाकत. मोटारीतली ती चार पावले म्हणजे हाफ क्लच. ती किती आणि केव्हा टाकायची, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते डाव्या पायाच्या तळव्याला कळावे लागते. माझ्या तळव्याला ते कळत होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

हा अभिमान जुना आहे. १९९३ साली आम्ही एक वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली. तिचा गिअर जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्याला होता. तो खाली-वर, पुढे-मागे करताना माणूस गाडी चालवण्यापेक्षा हार्मोनियम वाजवीत असल्यासारखा दिसे. पहिल्याच उन्हाळ्यात सौभाग्यवतीने शिकायची इच्छा सांगितली. मी मोठ्या मनाने गुरुपद स्वीकारले.

नवऱ्याने बायकोला मोटार शिकवू नये, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. सपाट मैदानात तिचे बरे चालले होते. पाचव्या दिवशी मी तिला घराजवळच्या टेकडीच्या चढावर नेले. चढावर गाडी सुरू करताना उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, डावा अलगद उचलायचा, आणि दोन्हींच्या मधल्या क्षणी हँडब्रेक सोडायचा. गाडी बंद पडली. पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी ती हातभर मागे आली, मागच्या रिक्षावाल्याने आरडाओरडा केला, आणि मी म्हणालो, "राहू दे. उतर. तुला नाही जमायचं."

ती उतरली. त्यानंतर तीस वर्षांत तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. मीही पुन्हा विचारले नाही. तिला आवडच नाही, अशी मी सोईस्कर समजूत करून घेतली होती.

आता गेल्या ऑगस्टची गोष्ट. ठाण्याला भाचीच्या मुलाचे बारसे आटोपून आम्ही दोघे पुण्याला परतत होतो. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, त्यामुळे खंडाळ्याच्या घाटात मोटारींची रांग मुंगीच्या पावलाने चढत होती. दोन हात पुढे जायचे, थांबायचे; पुन्हा दोन हात. दर वेळी क्लच. माझा डावा गुडघा गेली दोन वर्षे कुरकुरतो, हे मी घरी फारसे बोललो नव्हतो. पाऊण तासात त्याने कुरकुर सोडून बंड पुकारले. पाय थरथरू लागला, क्लच सुटला, इंजिन बंद पडले आणि गाडी मागे येऊ लागली. मागे ट्रक होता. त्याचा भोंगा माझ्या कानात अजून आहे.

ब्रेकवर माझा पाय जायच्या आत शेजारून एक हात आला आणि त्याने हँडब्रेक खस्सकन ओढला. गाडी थांबली.

मी तिच्याकडे पाहिले नाही. टेकडीवरचे ते वाक्य मला शब्द न् शब्द आठवत होते. ते परत करायची याहून चांगली संधी तिला मिळाली नसती. ती एवढेच म्हणाली, "पाणी प्या. घाई नाही."

गणपतीनंतरच्या घरगुती परिषदेत चिरंजीवांनी पुन्हा विषय काढला तेव्हा तटस्थ राष्ट्राने प्रथमच तोंड उघडले. "ऑटोमॅटिकच घ्यायची," ती म्हणाली. "आणि मी शिकणार आहे."

परिषद तिथेच संपली.

हार झाल्यावर माणूस इतिहास वाचू लागतो. मीही वाचला. मोटारीचा सगळा इतिहास माणसाच्या एकेका अवयवाला सेवानिवृत्त करण्याचाच आहे. पूर्वी इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचा सेल्फ-स्टार्टर बसवला आणि दंडाचे काम संपले. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायची कसरत असे. १९२८ साली त्याच कंपनीने सिंक्रोमेश आणला. पुढे अमेरिकेतच ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलमध्ये क्लचचे पेडलच काढून टाकले. दर वेळी कोणीतरी म्हटले असेलच की, आता मोटार चालवण्यात राम उरला नाही.

याहून मजेची गोष्ट १८८८ सालची. मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे चक्क माहेरी, शंभरेक किलोमीटर गेल्या. चढावर गाडी दमे, मग उतरून ढकलावी लागे. परत आल्यावर त्यांनी ही तक्रार सांगितली आणि बेंझसाहेबांनी चढासाठी आणखी एक गिअर बसवला, असे सांगतात. हे मी सौभाग्यवतीला वाचून दाखवले.

"म्हणजे एक गिअर बाईच्या सांगण्यावरून आला," ती म्हणाली, "तर आपला बाईच्या सांगण्यावरून जाऊ द्या."

ऑटोमॅटिक म्हणजे सगळे एकच, ही माझी समजूतही या निमित्ताने गेली. एका प्रकारात क्लचच्या जागी तेल असते. समोरासमोर दोन पंखे, एकाने ढकललेल्या तेलाने दुसरा फिरतो. दुसऱ्यात पट्टा आणि लहानमोठ्या होणाऱ्या दोन पुल्या. त्यात ठरावीक पायऱ्यांचे गिअरच नाहीत. तिसरा प्रकार एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून तो आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात आला. यात क्लच आणि गिअर जुनेच असतात, फक्त ते दाबणारा-बदलणारा एक अदृश्य नोकर आत बसवलेला असतो. तो पहिल्या दोघांपेक्षा स्वस्त आणि पेट्रोललाही काटकसरी. पण गिअर बदलताना किंचित अडखळतो. आमच्या ऐपतीला तोच मानवला. नोकर अडखळला की मी समाधानाने मान डोलावतो. माझा पाय यापेक्षा सफाईदार होता!

मात्र गिअर गेला म्हणून अक्कल गहाण टाकून चालत नाही. उजवा पायच दोन्ही पेडलांवर फिरवायचा. डाव्याने मध्ये लुडबूड केली की क्लच समजून तो ब्रेकवर आदळतो. 'डी'वर ठेवून ब्रेक सोडला की गाडी आपण होऊन सरकू लागते, म्हणून उतरण्यापूर्वी हँडब्रेक हवाच. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेकवर धरायची. नाहीतर बिचाऱ्या नोकराचा क्लच तापतो. आणि घाट उतरताना हाताने खालचा गिअर घ्यायचा, म्हणजे इंजिन गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. हे सगळे सौभाग्यवती शिकली. माझ्याकडून नव्हे, रीतसर शिकवणी लावून. चाळिशी ओलांडलेल्यांना लागतो तो डॉक्टरांचा दाखला तिने स्वतः आणला. तिचा परवाना आणि माझा परवाना एकाच जातीचा. आपल्याकडे गिअर-बिनगिअर हा भेद दुचाकीला आहे, मोटारीला नाही.

परवा तीच मला गुडघ्याच्या व्यायामासाठी घेऊन गेली. वाटेत पुलाच्या चढावर सिग्नल लागला. गाडी थांबली, सुटली, तसूभरही मागे आली नाही. मी म्हणालो, "त्या टेकडीवर मी बोललो ते..."

"कोणती टेकडी?" तिने समोर पाहत विचारले. तिला पक्की आठवत होती.

पुढच्या सिग्नलला ती हसली. मी खाली पाहिले. माझा डावा पाय पायपुसणीवर नसलेला क्लच इमानेइतबारे दाबीत होता.

"दाबा, दाबा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दिवसाला वीस वेळा सांगितलंय."