टी-१ आणि नऊबोट्या

२ नोव्हेंबर २०१८च्या रात्री पांढरकवडा वनविभागात बोराटीजवळ वाघिणीला गोळी लागली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. मागे राहिले दोन बछडे. कापूस वेचायला जाणाऱ्यांच्या लेखी ती नरभक्षक, शहरी प्राणिप्रेमींच्या लेखी आई. सरकारी कागदावर टी-१, वर्तमानपत्रांत अवनी. इतके तिढे समोर पाहिलेल्या त्या भागातल्या वाचकाला 'चांगले विरुद्ध वाईट' छापाची अद्भुतकथा पचायची कशी?

अशा वाचकाने जो अॅबरक्रॉम्बी या इंग्रज लेखकाची 'फर्स्ट लॉ' त्रयी उघडावी. २००६ ते २००८ या काळात आलेली ही तीन जाडजूड पुस्तकं.

यातला ग्लोक्टा एकेकाळचा तलवारबाजीचा विजेता. शत्रूच्या कैदेत दोन वर्षं छळ झाला, दात उपटले गेले, पाय निकामी झाला. आता तोच सरकारी छळखात्यात इतरांकडून कबुलीजबाब वदवून घेतो. त्याचा खरा वैरी कोण, तर जिना! वाचक हसतो आणि हसल्याबद्दल ओशाळतो. दुसरा लोगन, नऊ बोटांचा योद्धा. त्याला शांतपणे जगायचंय. पण अंगात संताप संचारला की आपला-परका कळत नाही.

पहिला भाग रेंगाळतो, हे खरं. रक्तपातही फार, शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये. मराठीला मात्र हा मासला हवाच आहे. नाथमाधवांच्या 'वीरधवल' कादंबरीवर पोसलेल्या वाचकाने या त्रयीतल्या म्हाताऱ्या जादूगारावर सहज विश्वास टाकू नये, एवढंच सांगून ठेवतो.