बोनेट उघडा

‘तुझ्या एका तासाच्या पगारात मिस्त्री दिवसभर राबेल, मग हात काळे कशाला करतोस?’ प्रीमियर पद्मिनी स्वतः दुरुस्त करायला घेतली की आम्हा आयटीवाल्यांना हा हिशोब हमखास ऐकवला जातो.

या हिशोबात एक गोष्ट धरलेलीच नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा आपण भावुक स्टोऱ्या टाकल्या. स्टोरीने इंजिन सुरू होत नाही. ते सुरू करणारे मिस्त्री म्हातारे होत चाललेत. सगळ्यांनी फक्त पैसे मोजले, तर उद्या पैसे घेणारं कोण उरेल?

आणि ही गाडी शिकवते. गचके खाल्ले तर स्क्रीनवर एरर येत नाही. दोष कार्ब्युरेटरचा की ठिणगीचा? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फीलर गेज घालून ती आपणच लावायची. गंजलेला बोल्ट हलत नाही, पार्ट मिळत नाही, रविवार जातो. वैताग येतोच. पण पैसे देऊन तो टाळला, की गाडी चालू होते आणि आपण तिथेच राहतो.

इंजिनिअरची डिग्री आहे ना? मग मिस्त्रीच्या शेजारी बसा, पाना हातात घ्या.