गोष्टीत त्यालाही खेळायला घ्या

२१ मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्यातली ही एकवीस तारीख. त्या निमित्ताने हा अंक आम्ही मुलांच्या पुस्तकांना दिला आहे. शेजारच्या बाकावरच्या मित्राला बोलायला वेळ का लागतो, हे मुलं सरळ विचारतात. मोठी माणसं ‘गप्प बस’ म्हणून विषय बदलतात. चांगलं पुस्तक तसं करत नाही.

पुस्तकं निवडताना आम्ही एक गोष्ट कटाक्षाने पाहिली. डाउन सिंड्रोम असलेलं मूल गोष्टीत स्वतः काही करतं, रुसतं, हट्ट करतं, की इतरांना दया शिकवण्यापुरतंच येतं? म्हणूनच ‘काउंट अस इन’ला आम्ही सर्वाधिक पानं दिली. १९९४ साली अमेरिकेत आलेलं हे पुस्तक जेसन किंग्जली आणि मिचेल लेव्हिट्झ या डाउन सिंड्रोम असलेल्या दोन तरुणांचं. शाळा, मैत्री, लग्न, राजकारण, स्वतंत्र राहणं, सगळ्यावर ते मनमोकळं बोलतात. जेसन जन्मला तेव्हा त्याला संस्थेत ठेवा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला होता.

तुमच्या शाळेच्या कपाटात असं मराठी पुस्तक असेल तर जरूर कळवा. आणि डाउन सिंड्रोम असलेल्या वाचकांनो, तुम्हीही लिहा. तुम्ही सांगा, घरच्यांनी उतरवून घेतलं तरी चालेल. शब्द आम्ही तुमचेच ठेवू.