वेगाचा जमाखर्च



गॅरेजात काम शिकणारी मुले दुपारी डबा खाताना कशावरून भांडतात, हे कधी कान देऊन ऐकले आहे का? परवा पंक्चर काढायला थांबलो होतो, तेव्हा ऐकले. एकाच्या मोबाईलवर जुन्या जपानी स्पोर्ट्स मोटारींची चित्रे होती. एक म्हणाला, निस्सानची जीटी-आर भारी. दुसरा म्हणाला, होंडाची एनएसएक्स भारी. पुरावा दोघांचा एकच, "पॉवर बघ ना तिची!" तिसरा पोरगा गप्प होता. भाकरीचा तुकडा हातात धरून त्याने विचारले, "पण चालवायला मजा कुठलीत येते?" त्यावर दोघांनाही उत्तर देता येईना.

प्रश्न तिसऱ्याचाच खरा होता. म्हणून आज त्याचाच हिशेब मांडू. एकच रकाना बघून ताळेबंद होत नाही, हे कोणताही कारकून सांगेल. आपण तीन रकाने आखू. गाडी दिसायला कशी, वळणावर ताब्यात कशी राहते आणि चालवणाऱ्याला आनंद किती देते. यातली एकही गाडी मी चालवलेली नाही, हे आधीच सांगतो. पण ज्यांनी चालवल्या त्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे आणि वजनाचे, ताकदीचे आकडे तर कोणालाही पडताळता येतात.

हिशेबाला घेतलेल्या पाचही मोटारी १९८९ ते १९९१ या तीन वर्षांत जपानच्या बाजारात आल्या. तो काळच वेगळा होता. जपानमध्ये पैसा वाहत होता आणि कंपन्यांनी इंजिनिअरांना मोकळ्या हाताने काम करू दिले. पण त्याला दुसरी बाजूही होती. १९८८ साली जपानमध्ये रस्त्यावरच्या अपघातांत दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. ओरड सुरू झाली. तेव्हा कंपन्यांनी आपसात ठरवले, की कोणत्याही मोटारीची ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त म्हणून जाहीर करायची नाही. हा कायदा नव्हता, आपसातला शब्द होता. तो २००४ पर्यंत चालला. आता 'जाहीर करायची नाही' यात जी मेख आहे ती चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलीच असेल. काही गाड्या प्रत्यक्ष मोजणीत त्याहून जास्त भरत. तरी एक गोष्ट चांगली झाली. आकडा २८० वर थांबला, म्हणून वजन, तोल आणि पकड यांना मोल आले.

पहिली घेऊ निस्सान स्कायलाईन जीटी-आर, १९८९ ची, जिला 'आर३२' म्हणतात. दिसायला ती फार नटवी नाही. नेहमीच्या स्कायलाईन गाडीलाच रुंद चाककमानी आणि मागे पंख बसवलेला. मागचे चार गोल दिवे तेवढे लांबूनही ओळखू येतात. खरी करामत आत आहे. २.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, त्याला दोन टर्बो. एरवी ताकद मागच्या चाकांना जाते. मागची चाके घसरू लागली, की संगणक क्षणात ताकदीचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, पुढच्या चाकांकडे वळवतो. त्यामुळे ओल्या रस्त्यावरही गाडी रस्ता सोडत नाही. जपानमधल्या ग्रुप ए शर्यतींत १९९० ते १९९३ या काळात २९ पैकी २९ शर्यती हिने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मोठी शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ मारली. तिथल्या लोकांनी तिचे नाव 'गॉडझिला' ठेवले. ताब्याच्या रकान्यात हिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. तक्रार एवढीच ऐकू येते, की अवघड काम गाडीच करून टाकते. वजन १४३० किलो. ते विजेच्या युक्तीने आवरले आहे, पण नाहीसे झालेले नाही.

दुसरी होंडा एनएसएक्स, १९९० ची. तिच्यासाठी आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. खांद्यावर कावड घेऊन, दोन्ही टोकांना भरलेले हंडे लटकवून, अरुंद बोळात झटकन वळून पाहा. अंग वळते, हंडे वळत नाहीत आणि वळू लागले तर थांबत नाहीत. तेच पाणी एका घागरीत भरून कमरेवर घ्या, वळणे सोपे होते. ओझे तितकेच, फक्त ते मध्याजवळ आले. मोटारीचेही असेच आहे. एनएसएक्समध्ये इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आहे. शिवाय तिचा सांगाडा संपूर्ण ॲल्युमिनियमचा. कारखान्यात मालिकेने तयार होणाऱ्या मोटारींत असे पहिल्यांदाच झाले. तीन लिटरचे इंजिन, आणि वजन १३५० किलोच्या आसपास.

दिसण्यातही तिच्या आकाराला कारण आहे. चालकाची जागा पुढे आणि खाली, भोवती काच. लढाऊ विमान एफ-१६ च्या वैमानिकाला जसे चहूकडे दिसते, तसे दिसावे ही कल्पना. १९८९ च्या फेब्रुवारीत ब्राझीलचा जगज्जेता शर्यतपटू आयर्टन सेन्ना याने सुझुका येथे तिचा नमुना चालवला. सांगाडा थोडा नाजूक वाटतो, असे त्याने तोंडावर सांगितले. होंडाच्या माणसांनी राग धरला नाही. जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या वळणावळणाच्या रस्त्यावर महिनोन् महिने गाडी पळवून त्यांनी सांगाडा मजबूत केला. हिचा एक दोषही नोंदवला पाहिजे. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर मागची बाजू फिरू शकते. किंमत होती सुमारे ८० लाख येन. १५ वर्षांत साऱ्या जगात मिळून सुमारे १८ हजार गाड्या बनल्या.

तिसरी माझ्दा आरएक्स-७, १९९१ च्या डिसेंबरात आलेली. देखणेपणात मी हिला पहिला नंबर देतो. अंगावर सरळ रेघ शोधून सापडत नाही. नदीतल्या गोट्यासारखी ती सगळीकडून गुळगुळीत आहे. तिचे इंजिन जगावेगळे. त्यात खालीवर होणारे पिस्टन नाहीत. तिकोनी आकाराचे दोन रोटर गोल फिरतात. दोन्ही मिळून अवघे १.३ लिटर, पण दोन टर्बोंच्या जोरावर २५५ अश्वशक्ती, आणि पुढे पुढे २८०. इंजिन लहान असल्यामुळे ते पुढच्या चाकांच्या मागे, खाली बसवता आले. म्हणजे घागर पुन्हा कमरेवरच आली. त्याच वर्षी जूनमध्ये माझ्दाच्या रोटर इंजिनाच्या ७८७बी या गाडीने फ्रान्समधली ल मॉं ची २४ तासांची शर्यत जिंकली होती. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. पण संसार करायला ही गाडी खर्चिक. पेट्रोल पिते, ऑइलही खाते, आणि रोटरच्या टोकांच्या पट्ट्या झिजल्या की इंजिन खोलावे लागते. २००२ मध्ये ती बंद झाली.

चौथी त्याच माझ्दाची रोडस्टर. परदेशात तिला एमएक्स-५ किंवा मियाटा म्हणतात. १९८९ ची. कापडी टपाची, दोनच माणसांची, १.६ लिटर इंजिन, फक्त १२० अश्वशक्ती. वजन मात्र ९४० किलो. जीटी-आरपेक्षा जवळजवळ पाच क्विंटल कमी! इंग्लंडमध्ये पूर्वी लोटस एलानसारख्या छोट्या उघड्या गाड्या असत. मजेदार, पण बिघाडखोर. ती मजा ठेवायची आणि बिघाड काढायचा, हा या गाडीमागचा विचार. बनवणाऱ्यांनी एक जपानी शब्द पुढे ठेवला होता, 'जिन्बा इत्ताई'. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. दोन माणसे बसली, की पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मे निम्मे. गिअरचा दांडा मनगटाने पडतो. दिवे लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे बोनेटमधून वर येतात. पाहणारा हसतोच. किंमत १७ लाख येनपासून.

पाचवी सगळ्यांत धाकटी, होंडा बीट, मे १९९१ ची. जपानमध्ये लहान मोटारींचा वेगळा वर्ग आहे. त्यांना कर कमी. तेव्हाची मर्यादा होती इंजिन ६६० सीसी, लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर. आपल्याकडे एके काळी गल्लोगल्ली दिसणारी मारुती ८०० डोळ्यांपुढे आणा, आकार साधारण तेवढाच. एवढ्या जागेत होंडाने इंजिन एनएसएक्ससारखे मध्यावर बसवले. ६४ अश्वशक्ती, वजन ७६० किलो. या कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा लोहाराचे मुलगे. शाळा फारशी झाली नव्हती. टोकियोच्या एका गॅरेजात उमेदवारी करून ते काम शिकले. बीट बाजारात आली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कंपनीने ८० लाखांच्या गाडीत वापरलेली मांडणी १४ लाख येनांच्या गाडीलाही दिली, हे मला मोलाचे वाटते.

आता बेरीज करू. एका अश्वशक्तीने किती किलो ओढायचे? जाहीर आकडे धरले तर एनएसएक्स ४.८, आरएक्स-७ सुमारे ४.९, जीटी-आर ५.१, रोडस्टर ७.८ आणि बीट जवळजवळ १२ किलो. नुसता हा रकाना पाहिला तर रोडस्टर आणि बीट सपशेल नापास. पण एनएसएक्स १८ हजार बनल्या, आर३२ जीटी-आर सुमारे ४४ हजार बनल्या, आणि रोडस्टरच्या सगळ्या पिढ्या मिळून २०१६ साली दहा लाखांचा आकडा पूर्ण झाला. स्वस्ताई हे एक कारण आहेच. पण स्वस्त गाड्या तर हजार होत्या. लोकांनी हीच का घेतली?

कारण मजा आकड्यात नसते, हातात असते. जीटी-आरची किंवा एनएसएक्सची ताकद पुरती वापरायची तर शर्यतीचा रस्ता लागतो. भर रस्त्यात ती वापरणारा स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव पणाला लावतो. हलक्या गाडीत ताशी पन्नास-साठच्या वेगातही टायर काय म्हणतात ते स्टिअरिंगमधून कळते. ब्रेकवर भार कमी, वळणावर बाहेर फेकणारा जोर कमी, चूक झाली तर सावरायला सवड जास्त. चालवणारा प्रत्येक वळणावर काहीतरी शिकतो, आणि शिकण्यातला आनंद कायद्यात राहूनही मिळतो. म्हणून माझा निकाल असा आहे. देखणी आरएक्स-७, पकडीत जीटी-आर, कारागिरीत एनएसएक्स, पण चालवण्याच्या आनंदात रोडस्टर पहिली आणि बीट तिच्या पाठोपाठ.

हा निकालही डोळे झाकून मानू नका. घरात भिजायचे नाही असे कोणाला वाटत असेल, तर कापडी टपाची गाडी त्याच्या कामाची नाही. डिकीत पिशवीभर सामान जेमतेम मावते, आणि मुलांना तर जागाच नाही.

पंक्चर निघाले, पण पोरांचे भांडण संपले नव्हते. तिघांपैकी एकाला जुनी मोटारसायकल हप्त्यावर घ्यायची होती, आणि तीही पॉवरचा आकडा पाहूनच. त्याला मी एवढेच म्हणालो, "बाळा, आधी तिचे वजन विचार. तुझे पाय जमिनीला टेकतात का बघ. टायरची नक्षी बघ, हवा तपास, ब्रेक दाबून बघ. मग पॉवर विचार. हप्ता तुझ्या आईच्या पगारातून जाणार आहे, आणि रात्री तू घरी येईपर्यंत जागी तीच राहणार आहे."

तिसरा पोरगा भाकरी संपवून हात पुसत होता. म्हणाला, "काका, म्हणजे हलकी बरी."

त्याला हिशेब जमला होता.