चार दातांचा काटा

ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल गेल्या महिन्यात लिहिले, त्यावर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता. "बाई, तुम्ही सांगितला तसा ढीग रचला, पण पंधरा दिवसांनी तो उलटायचा कशाने?" एका भगिनीने लिहिले आहे की खोऱ्याने उलटायला गेले तर ओला भाग दाबला जातो, सुका भाग खोऱ्यावर राहतच नाही आणि दहा मिनिटांत कंबर बोलू लागते. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र घरची एक गोष्ट सांगूनच देता येईल, कारण हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही.

आमच्या परसाच्या कोपऱ्यात अव्वांचा ढीग आहे. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर बैलहोंगलकडचे, काळ्या एरी मातीतले. लग्न होऊन बेळगावात आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. आज भाजीवाल्याशी मराठीत, देवाशी कानडीत आणि माझ्याशी दोन्हींत भांडतात. ढिगाला त्या तिप्पी म्हणतात. मी उकिरडा म्हटलेले त्यांना खपत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ह्यांनी पेठेतून एक काटा आणला. हिरवा रंग, पाइपाचा दांडा, साडेतीनशे रुपये. तिप्पीत तो छान चालला, म्हणून ह्यांना वाटले, केळीचा जुना गड्डाही निघेल. काटा जमिनीत रोवला, पाय दिला, दांड्यावर भार टाकला आणि काट्याची मान कट्कन तुटली. दांडा हातात, दात जमिनीत आणि हे आडवे! डॉक्टरांनी सांगितले, तीन आठवडे वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही.

बेंगळूरहून मुलाचा फोन आला. "आई, आता पुरे झालं. सगळ्या परसात फरशी घालून टाकू. गाडी तरी नीट लागेल." फोन स्पीकरवर होता, अव्वांनी ऐकले. बोलल्या काहीच नाहीत. रात्री भाकरी नको म्हणाल्या, नुसते ताक घेतले. सकाळी पाहते तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई खुरपे घेऊन तिप्पीजवळ बसलेल्या आणि ओंजळी-ओंजळीने खत वरखाली करताहेत. मी ह्यांना म्हटले, फरशीचे नंतर बघू, आधी एक नीट अवजार घरात येऊ दे.

तुटलेला काटा मी तुळशीकट्ट्यावर ठेवून निरखला. रंगाखाली मानेशी वेल्डिंगचा ठिपका होता, सुपारीएवढा. सगळा भार त्या सुपारीवर! दातही घडवलेले नव्हते, पत्रा कापून वळवलेले होते. तेव्हापासून कोणताही काटा हातात घेतला की मी आधी मान बघते. चांगल्या काट्याचे दात आणि मान एकाच पोलादातून ठोकून काढलेली असते. मानेची नळी किंवा पट्ट्या दांड्यावर वीतभर तरी चढलेल्या असतात आणि आरपार रिबिट मारलेले असते. जिथे दांड्यात नुसती खिळ्यासारखी शेपटी ठोकून वर कडे बसवले आहे तो घेऊ नये. लाकूड वाळले की शेपटी हलू लागते. आणि दाट रंग दिसला की नखाने खरवडून पाहावे, दुकानदार रागावला तरी.

दुसरी परीक्षा दातांची. एका दातावर किल्ली आपटून पाहा. खणखणीत आवाज आला पाहिजे. भद्द वाजले तर मान हलवून पुढच्या दुकानात जावे. मग टोके लाकडी फळीवर टेकवून जरा जोर द्यावा. दात थोडेसे लवावेत आणि हात काढताच सरळ व्हावेत. वाकून तसेच राहिले तर पोलाद मऊ आहे. अजिबात न लवणारेही मला भरवशाचे वाटत नाहीत.

आता खरा घोळ नावाचा. दुकानात दाताळे मागावे तर पाने ओढायचा पंजा पुढे येतो, काटा म्हणावे तर दुकानदार वजनाचा काटा दाखवतो. शेवटी मराठी-कानडी दोन्ही सोडून गार्डन फोर्क म्हणावे लागते. अव्वांनी त्याला हल्लिन सलिकी असे नाव दिले आहे. माझ्या मते कंपन्यांनी तेच छापावे.

पेठेत मनासारखा काटा मिळाला नाही, म्हणून आम्ही खानापूरच्या वाटेवरच्या एका लोहाराकडे गेलो. अव्वा हट्टाने रिक्षात बसल्या. लोहाराने भाता थांबवून पहिला प्रश्न विचारला, "माती उकराया पाहिजे का खत हलवाया? आधी त्ये सांगा बाई." मी म्हटले, दोन्हीला. तो हसला. "मग दोन लागतील. एकात दोन केलं की दोन्ही बिघडतंय."

त्याचे बरोबर होते, पुढे वाचनातही तेच सापडले. खणायच्या काट्याला चार दात असतात, जाड, बहुधा चौकोनी, फूटभर लांबीचे. चारी दातांची मिळून रुंदी सात-साडेसात इंच. वजन दोन किलोच्या आसपास. खत हलवायच्या काट्याचे दात बारीक, गोल, पुढे किंचित वळलेले आणि संख्येने चार ते सहा असतात. दांडा लांब. वळणामुळे खत दातांवर बसून राहते आणि बारीक दातांमुळे अवजार हलके राहते. त्याने माती खणायला गेलात तर दात फाकलेच समजा. उलट, जाड काट्याने खत उलटता येते, फक्त हात लवकर दमतात. म्हणून एकच घेणे शक्य असेल तर खणायचाच घ्यावा, आणि बायकांनी त्यातला लहान आकार बघावा. त्याची रुंदी साडेपाच इंचांच्या आसपास असते, दातही आखूड असतात. वाफ्याच्या कडेने, झाडांच्या मुळांमधून तो सहज फिरतो. रताळी, हळद, आले काढायला तर खोऱ्यापेक्षा काटाच बरा, कारण कंद कापले जात नाहीत आणि गांडुळेही कमी तुटतात.

अव्वा आणि लोहाराचे मात्र माझ्याशिवायच जमले. "हल्ल एष्ट बेक्री, अव्वार?" "नाकु साक." नातू बरोबर होता, तो अव्वांच्या नाकाकडेच बघत बसला. लोहाराने लॉरीच्या जुन्या कमानीचा पाटा काढून दाखवला. ते पोलाद मुळातच लवून सरळ होण्यासाठी बनवलेले, त्यामुळे काट्याला उत्तम. खरी कसोटी पाणी देण्यात आहे. तापलेले लोखंड बुडवल्यावर कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून जरा सैल करावे लागते. त्या बेताचे माप त्याच्या डोळ्यांत होते, रंग बघून ठरवत होता. दांडा धामणीचा बसवला. धामण आपल्या घाटाकडच्या रानातली, लवचीक आणि चिवट. बाभळीचाही चालतो. दांडा निवडताना रेषा बघाव्यात. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या बाहेर पडल्या असतील किंवा गाठ असेल तर तिथेच मोडणार. चकचकीत व्हार्निशखाली गाठ लपते, तेव्हा उजेडात फिरवून पाहावे. वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळले की पुरे. पाइपाचे दांडे टिकतात असे सांगतात, पण आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात टोकाचे बूच निघाले की आत पाणी जाते आणि गंज आतून खातो, बाहेरून कळत नाही.

दोन्ही काट्यांचे मिळून बाराशे रुपये झाले. हे म्हणाले, डॉक्टरांचे बिल याच्या तिप्पट होते.

उलटायचे तरी कशाला, असेही एकीने विचारले आहे. त्यात आमच्या घरासारखे दोन पक्ष आहेत. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कचरा, पाला आणि शेण यांचे थर रचून ते ठरावीक दिवसांनी उलटण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक काढले. तीन वेळा उलटले की साधारण तीन महिन्यांत खत तयार. बेंगळूरला आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दुसरी पद्धत मांडली. तिच्यात थर रचून वरून चिखलाने लिंपायचे आणि मग उलटायचे नाही. कष्ट वाचतात, पण सहा ते आठ महिने थांबावे लागते. उलटल्याने ढिगात हवा जाते, जंतू जोमाने काम करतात आणि आतली उष्णता ५५-६० अंशांपर्यंत चढते. तणाचे बी त्या उष्णतेत बरेचसे मरते. ज्यांची कंबर दुखते त्यांनी बेंगळूर पद्धत खुशाल धरावी, त्यात कमीपणा नाही. अव्वा मात्र पक्क्या इंदूरवाल्या, हॉवर्डचे नाव न ऐकता.

उलटताना पूर्ण काटाभर उचलायचा मोह टाळा. बाजूला ढिगाएवढी जागा मोकळी ठेवा, कडेने थोडे थोडे ओढून तिकडे टाका, बाहेरचे आत आणि आतले बाहेर. गुडघे वाकवा, कंबर नको. दगड किंवा गड्डा काढायला पहार आहे, काट्याची पहार करू नका. ढिगाला आधी काठीने दोन-चार वेळा डिवचा, थंडीत साप उबेला येतो. पायात बूट हवेत, चप्पल नको. शेणामातीने भरलेला दात पायात गेला तर धनुर्वाताचे भय असते. जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनचे विचारा. काम झाले की काटा धुऊन, पुसून, दात भिंतीकडे करून टांगा. आडवा टाकलेला काटा अंधारात कुणाच्या तरी पायाखाली येतोच.

त्या दिवाळीला मुलगा आला तो खिशात मोजपट्टी घेऊनच. फरशीवाल्याशी बोलणेही झाले होते. पहिल्या आंघोळीनंतर, अजून नीट उजाडले नव्हते, अव्वांनी त्याच्या हातात बारीक दातांचा काटा दिला. "तगो," एवढेच म्हणाल्या. त्याने पहिला काटा घातला आणि ढिगातून वाफ आली. चष्म्यावर धुके जमले. तो चष्मा पुसत विचारू लागला, "आई, हे एवढं गरम कशानं?" मी सांगणार होते, पण अव्वांनीच सुरुवात केली, अर्धे कानडीत, अर्धे मराठीत, त्यांच्या सासऱ्यांच्या गोठ्यापासून. त्याने ढीग पूर्ण उलटला. हे पायरीवर बसून सूचना देत होते, त्या कुणी ऐकल्या नाहीत.

फरशी घातली, पण गाडीपुरती, सोळा फूट बाय नऊ. कढीपत्त्यासाठी एका बाजूची ओळ अव्वांनी काढायला लावली. ह्यांना आता काटा धरायला मनाई आहे, तरी मी बाजारात गेले की धरतात हे मला दातांवरच्या ओल्या मातीवरून कळते. आणि अव्वांनी गेल्या महिन्यात सुताराला बोलावून बारीक काट्याचा दांडा आपल्या मापाने चार बोटे कापून घेतला आहे. आता तो मला तोकडा पडतो.