चेहरा आपला, मग प्रश्नही आपणच विचारायचे

अंगणवाडीतून घरपोच आहार घ्यायचा असेल तर आता गरोदर आणि स्तनदा मातांना मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागते. पोषण ट्रॅकर ॲपमधली ही चेहरा ओळखण्याची पद्धत केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून सक्तीची केली. आधी आधारवरून ई-केवायसी, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, आणि मग आहार नेताना सेविकेच्या फोनवर फोटो. चेहरा जुळला की वाटपाची नोंद होते.

चेहरा ओळखणारे तंत्रज्ञान म्हटले की आपल्याला विमानतळावरची डिजियात्रा किंवा २०२५ पासून मंत्रालयाच्या प्रवेशद्वारावर बसलेली यंत्रणा आठवते. वाशीमच्या बहुतेक लोकांचा या दोन्ही ठिकाणांशी फारसा संबंध येत नाही. मात्र रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, कारंजाच्या गावागावांत हे तंत्रज्ञान अंगणवाडीच्या दारातून आत आले आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांपैकी आपला एक. ज्या आईला तो आहार सर्वांत जास्त हवा आहे, तिच्याच चेहऱ्याची परीक्षा इथे होते. म्हणून हा विषय फक्त इंजिनिअर आणि वकिलांवर सोडून चालणार नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या तंत्रज्ञानात जादू नाही, हे आधी सांगतो. संगणक चेहरा आपल्यासारखा 'ओळखत' नाही. तो फोटोवरून काही शे आकड्यांची एक यादी बनवतो. दोन फोटोंच्या याद्या एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे मोजतो. किती जवळ असल्या म्हणजे 'जुळले' म्हणायचे, ती मर्यादा मात्र माणूस ठरवतो. मर्यादा कडक ठेवली तर खरी लाभार्थी नाकारली जाते. सैल ठेवली तर भलताच माणूस जुळतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करणारी मर्यादा अजून कुणाला सापडलेली नाही. त्यामुळे 'मशीन म्हणते' असे कुणी सांगितले की विचारावे, मशीनला ही मर्यादा कुणी दिली?

याचे दोन उपयोग आहेत आणि त्यांत मोठा फरक आहे. पहिल्यात 'ही बाई तीच आहे का' एवढेच तपासतात, म्हणजे एका चेहऱ्याशी एक चेहरा. अंगणवाडीत हेच होते. दुसऱ्यात 'हा माणूस कोण' असे विचारून एक चेहरा लाखो चेहऱ्यांशी ताडून पाहतात. पोलीस तपासात हे होते. समजा, एखादी यंत्रणा हजारात एकदाच चुकते. ऐकायला छान वाटते. पण दहा लाख चेहऱ्यांच्या साठ्यात एक फोटो शोधायला टाकला, तर त्याच हिशेबाने हजार निरपराध माणसे 'जुळतील'.

ही भीती हवेतली नाही. दिल्ली पोलिसांनी ८० टक्क्यांहून अधिक साम्य आढळले तर त्याला जुळणी मानतो, असे २०२२ मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात कळवले. ८० का, ७० किंवा ९५ का नाही? अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय नागरिकाला चुकीच्या जुळणीवरून घरासमोर, पत्नी आणि मुलींच्या देखत अटक केली. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी काही बड्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याच्या आत होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ती ३४ टक्क्यांपर्यंत गेली. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे चेहरे यात कुठे बसतात, हे विचारायला हवे. महाराष्ट्र पोलिसांकडे बोटांचे ठसे, चेहरा आणि डोळे ताडून पाहणारी 'ॲम्बिस' यंत्रणा आहे, आणि पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी २०२४ मध्ये 'मार्व्हल' ही सरकारी कंपनीही स्थापन झाली आहे. ज्या वस्त्यांकडे आधीच संशयाने पाहिले जाते, तिथे मशीनची चूक महागात पडते. मुसलमान मोहल्ल्यांना आणि पारध्यांच्या बेड्यांना हे वेगळे सांगायला नको.

गुन्हेगार पकडू नयेत किंवा बोगस लाभार्थी चालू द्यावेत, असे माझे म्हणणे नाही. आहाराची चोरी होते आणि ती थांबली पाहिजे. पण चोरी वरच्या टप्प्यावर होत असेल, तर खालच्या टप्प्यावर आईचा चेहरा तपासून ती कशी थांबेल? रेशन दुकानात 'अंगठा लागत नाही' म्हणून परत गेलेली म्हातारी माणसे आपण पाहिली आहेत. आता 'चेहरा लागत नाही' म्हणून आई परत जाऊ नये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार हा आहार तिचा हक्क आहे. तो मिळाला नाही तर कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे.

कायद्याचा आधार आपल्या बाजूने आहे, पण अपुरा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. चेहरा ओळखण्याच्या तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही.

मग सामान्य माणसाने काय करायचे? तो खासगीपणाचा निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते न्या. के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये याचिका घेऊन गेले तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. हैदराबादचे एस. क्यू. मसूद यांना २०२१ मध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवले, तोंडावरचा मास्क काढायला लावला आणि फोटो घेतला. त्यांनी पोलीस आयुक्तांना नोटीस पाठवून कारण विचारले. उत्तर आले नाही, तेव्हा ते तेलंगणा उच्च न्यायालयात गेले. दोघांनीही 'कुणीतरी करेल' म्हणून वाट पाहिली नाही.

आपल्याला लगेच कोर्टात जायची गरज नाही. माझ्या भाच्याच्या शिकवणीत चेहऱ्यावरून हजेरी घेणारे यंत्र बसले, तेव्हा मी तीन प्रश्न लिहून दिले: मुलांचे फोटो कुठे साठवता? कोण पाहू शकते? मूल शिकवणी सोडून गेल्यावर ते कधी पुसता? पहिले दोन दिवस उत्तर नव्हते. इतर पाच पालकांनी तेच प्रश्न विचारले, तेव्हा ज्यांना नको त्यांच्यासाठी हजेरीची वही परत सुरू झाली.

अशीच काही कामे वाशीममध्ये प्रत्येक मोहल्ल्यात होऊ शकतात.

आपल्या भागातील ज्या मातांचा मोबाइल आधारला जोडलेला नाही, त्यांची यादी सेविकेसोबत बसून करा आणि त्यांना आधार केंद्रावर सोबत न्या. सेविकेला दोष देऊ नका. जुना फोन, नसलेले नेटवर्क आणि लोकांचा राग हे सगळे तीच सोसते. नकाब घेणाऱ्या बहिणींसाठी आडोशाला फोटो घेण्याची सोय मागा. सेविका स्त्रीच असते, त्यामुळे हे अवघड नाही.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तरासाठी ३० दिवस. विचारा: किती वेळा चेहरा जुळला नाही? अशा मातांना आहार देण्याची पर्यायी पद्धत काय? तसा लेखी आदेश आहे का? फोटो किती काळ ठेवतात? इथे आपण कुणाची खासगी माहिती मागत नाही, यंत्रणेचा हिशेब मागतो.

हेच प्रश्न ग्रामसभेत ठेवा आणि ठरावात नोंदवून घ्या.

आणि आपल्या संस्थांपासून सुरुवात करा. मशिदीच्या, मदरशाच्या, शाळेच्या दारावर आपणच कॅमेरे लावतो. त्यांचे रेकॉर्डिंग कुणाच्या मोबाइलवर दिसते, किती दिवस राहते, याचा फलक लावला आहे का? धान्याचे किट वाटताना गरजू बहिणींचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो, तेव्हा त्यांना विचारतो का? दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय जाऊ नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. चेहऱ्यालाही तीच लागू आहे. सरकारकडे जो हिशेब मागायचा, तो आधी आपण दिला तर आपल्या मागणीला वजन येईल.

पुढच्या जुम्म्यानंतर दहा मिनिटे काढा, मोहल्ल्यातली दोन-तीन शिकलेली मुले-मुली सोबत घ्या आणि पहिला अर्ज लिहा. दीडशे शब्द पुरेसे आहेत.