भाषा येते का?

बेंगळुरूला निघालेल्या नातेवाइकाला एक सल्ला मिळतो. ‘एमएच’ पाटीची गाडी नेऊ नका. वाटेत मराठीत मोठ्याने बोलू नका. चार कन्नड शब्द पाठ ठेवा. सांगणारा काळजीपोटीच सांगतो. पण यातली तिसरी सूचना पहिल्या दोन सूचनांच्या रांगेत जाऊन बसली, हे गंभीर आहे.

बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुलं घेताना ‘कन्नड येतं का?’ असं कुणीही विचारतं. नाही म्हटलं तरी फुलं मिळतात. दोन शब्द बोललात तर विकणारीचा चेहरा खुलतो. परगावी गेल्यावर तिथली बोली थोडी तरी शिकावी, ही रीत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. तिथे वर्षानुवर्षं राहून कन्नडकडे पाठ फिरवणाऱ्या मराठी माणसाची बाजू आम्ही घेणार नाही. याच मल्लेश्वरममधल्या काडू मल्लेश्वर मंदिराला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी 1669 मध्ये गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण राजांनी मान राखला तो तिथल्या देवाचा, हेही लक्षात असू द्यावं.

फेब्रुवारी 2025 मध्ये हाच प्रश्न बेळगावजवळ एका बसमध्ये निघाला. भाषा तेवढी मराठी होती. वाहकाने मराठी येत नाही म्हणून सांगितलं आणि त्याला मारहाण झाली. त्याचा सूड चित्रदुर्ग जिल्ह्यात बेंगळुरूहून मुंबईला येणाऱ्या एसटीवर उगवला गेला. चालकाच्या तोंडाला काळं फासलं. मग पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्या काळ्या झाल्या. पुण्यातल्या काळ्या रंगाला अस्मिता म्हणायचं आणि चित्रदुर्गातल्या रंगाला गुंडगिरी, हे चालणार नाही. मार खाणारा वाहक आणि काळं फासलं गेलेला चालक, दोघंही ड्युटीवरचे कामगार होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातला एकही निर्णय त्यांच्या हाती नव्हता.

भाषा शिकणं हे सौजन्य आहे. मार चुकवण्यासाठी ती शिकावी लागली की तिची खंडणी होते. आणि भाषा किंवा गाडीची पाटी बघणाऱ्या या तपासणीत सापडतो तो निरपराधच. 17 एप्रिल 2013 रोजी मल्लेश्वरममध्ये भाजप कार्यालयाजवळ मोटारसायकलमध्ये ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. त्या मोटारसायकलवर तमिळनाडूचा खोटा नंबर होता. घातपात करणारा पाटी बदलून येतो. खरी पाटी लावून येतो तो प्रवासी. सप्टेंबर 2016 मध्ये कावेरीच्या पाण्यावरून बेंगळुरूत तमिळनाडूच्या बसगाड्या जळाल्या, त्यांच्यावरच्या पाट्या खऱ्या होत्या.

यावर सरकारांचं उत्तर काय? गाड्या बंद. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्राचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी कर्नाटकात जाणारी एसटी थांबवली. चालकाच्या जिवाची काळजी रास्तच होती. पण रस्ता अडवणाऱ्याला हवं असतं तेच यातून त्याला मिळालं. निपाणीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात येणारा रुग्ण, गडहिंग्लजहून बेळगावच्या बाजाराला जाणारा शेतकरी, रोज सीमा ओलांडून कॉलेजात जाणारी मुलं, यांनी त्या दिवसांत काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही.

दोन्ही राज्यांच्या गृहखात्यांकडे आमची मागणी सरळ आहे. तणाव असेल त्या दिवशी गाड्या बंद करू नका, पोलीस बंदोबस्तात सोडा. गाडी अडवून भाषा विचारणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, मग तो कुठल्याही झेंड्याखाली उभा असो. आणि निवडणूक जवळ आली की ‘भाषाप्रेमींवरचे खटले’ म्हणून ते मागे घेऊ नका.